मथुराबाईची तीन बिऱ्हाडं

वणीत कोर्टाच्या मागच्या रस्त्याला तीन बिऱ्हाडांचं एक कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. त्या बाजूचे लोक त्याला कमलाकररावांचं घर म्हणायचे. कमलाकरराव म्हणजे तहसिलीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज, दावे, नकला, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं नेटकं की साहेबसुद्धा अर्ज फेटाळण्याआधी एकदा पुरता वाचायचे. पण घर काही त्यांचं नव्हतं. घर होतं देवराव मिस्त्रीचं, आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकोचं, मथुराबाईचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावात असली गोष्ट लपते कशी? लपवावी लागलीच नाही. देवरावनं ते घर दोन वर्षं खपून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधलं. जाणारायेणारा बघायचा आणि पुढे जायचा. मिस्त्री घर बांधतो म्हणजे कुणाचं तरी बांधतो. स्वतःचं बांधत असेल ही शंका त्या रस्त्यावर कुणालाही आली नाही. देवराव राहायचा त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण वस्तीतली बातमी कोर्टाच्या रस्त्यापर्यंत पोचायला त्या काळी फार वेळ लागायचा.

ते दिवस आठवले की मथुराबाईला आधी चुन्याचा वास यायचा. राजूरच्या भट्ट्यांवरून कळीच्या चुन्याच्या बंड्या वणीत शिरायच्या तेव्हा बैलांच्या पाठीसुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. ती स्वतः राजूरची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं तिनं भट्टीवर टोपली वाहिली. चुना हौदात किती दिवस भिजवायचा, तो कधी शांत झाला, हे ती नुसता हात वर धरून सांगायची. "भिंत मी बांधतो, पन टिकते हिच्या चुन्यानं," असं देवराव ठेकेदारांना सांगायचा आणि ठेकेदार हसायचे. हसले तरी चुना मात्र तिलाच विचारून घ्यायचे. त्या टोपल्यांपायी तिचा उजवा गुडघा कायमचा धरला होता.

जागा एका ठेकेदारानं गाव सोडताना विकली, ती देवरावनं घेतली. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा घर जोत्यापर्यंत आलं होतं. परतीच्या गर्दीत मथुराबाईची एक चप्पल गेली, नवं पांढरं लुगडं मळून गेलं, पण इतकं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं. देवरावला तर आता धीरच धरवेना. तांबडं फुटलं की तो कोर्टाच्या रस्त्याला जायचा आणि लोकांच्या कामावर जाण्याआधी स्वतःचे दोन थर रचायचा.

मधल्या बिऱ्हाडाच्या दारातली पायरी करायची वेळ आली, तेव्हा त्यानं ओळंबा आणि थापी बाजूला ठेवली आणि मथुराबाईला जोत्यासमोर उभं केलं.

"पाय उचल."

"कायले जी?"

"उचल त खरं. दुखलं की सांग."

तिनं पाय उचलला. दुखलं तिथं तिनं तोंड वाकडं केलं, आणि देवरावनं त्याच्याही दोन बोटं खाली विटेनं खूण केली. जिथं एक उंच पायरी बसली असती तिथं त्यानं दोन बुटक्या, रुंद पायऱ्या घातल्या. "म्हाताऱ्यापनी मधल्या बिऱ्हाडात आपूनच राहू," तो म्हणाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. तोवर किराया घ्यायचा आणि हातपाय थकले की इथं येऊन बसायचं, असा त्यांचा साधा बेत होता.

सत्तावनच्या उन्हाळ्यात घर उभं राहिलं. प्रत्येक बिऱ्हाडाला दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओसरी. बदलीवर आलेले कारकून, मास्तर घर बघायला येऊ लागले. भिंतीवर हात फिरवून खूश व्हायचे. मग विचारायचे, "मालक कोण?" देवराव म्हणायचा, "मीच जी." मग आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की त्यांना एकदम आठवायचं, की घरी विचारायचं राहिलं. घरी विचारायला गेलेला एकही माणूस परत आला नाही. पोळा आला तरी तिन्ही दारांना कुलूपच होतं.

तेव्हा तोडगा काढला तो कमलाकररावांनी. देवरावनं त्यांची ओसरी बांधून दिली होती, तेव्हापासूनची ओळख. माणूस वाईट नव्हता. वस्तीत येऊन देवरावच्या घरी चहा प्यायचे, आणि तोही बशीत ओतून, निवांत. फक्त कोर्टाच्या रस्त्यावर देवरावला चहा पाजण्याची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. चांगली माणसंही त्या काळी अशीच बेतानं चांगली असायची.

"देवराव, घर तुझंच," ते म्हणाले. "फक्त तोंड माझं."

मिस्त्रीनं आपली थट्टाच केली, असं आधी विचारून गेलेल्यांना वाटलं, आणि पंधरा दिवसांत तिन्ही बिऱ्हाडं भरली. एका टोकाला कोर्टातला कारकून, दुसऱ्या टोकाला कापसाच्या जिनातला मुनीम, आणि मधल्या बिऱ्हाडात सरकारी शाळेतले चंद्रशेखर मास्तर आणि त्यांची बायको सुनीतीबाई. कमलाकरराव दर महिन्याला किराया गोळा करायचे, आपले थोडे ठेवून घ्यायचे आणि बाकीचे देवरावच्या हातात ठेवायचे. व्यवहार चोख. मथुराबाईनं त्यांच्यावर कधी संशय घेतला नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं.

गंमत सुरू झाली ती कवेलू फेरण्यापासून. पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू फेरून नीट बसवायला मिस्त्री लागतो. मिस्त्री बोलवायचा कोणाला? ज्यानं घर बांधलं त्यालाच. मग घरमालक देवराव शिडी खांद्यावर घेऊन स्वतःच्याच घरी रोजीवर यायचा. संध्याकाळी कमलाकरराव सगळ्यांसमोर त्याच्याच किरायातून त्याला रोजी द्यायचे. एकदा चंद्रशेखर मास्तर मध्ये पडले. म्हणाले, मिस्त्री फार सांगतो, चार आणे कमी करा. कमलाकररावांनी गंभीर चेहरा करून देवरावकडे बघितलं. देवरावनं मान खाली घातली आणि म्हणाला, "मालकाची मर्जी."

त्या संध्याकाळी घरी येऊन तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "आज मालकानं चार आने कापले व. लय चिंगूस मालक आहे." मग दोघं अशी हसली, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. देवराव गेल्यावर मथुराबाईला त्याचं दुसरं काही आठवो न आठवो, ते हसणं हटकून आठवायचं.

पण एका दिवशी तो हसला नाही. मुनिमाकडे सैपाकखोलीत गळत होतं. मुनिमाच्या बायकोनं त्याला आत येऊ दिलं नाही; बाहेर उभं करून काठीनं छत दाखवलं.

"मंग?" मथुराबाईनं विचारलं.

"मंग काय. भिंत माहीच होती. बाहेरून ओळखली मी," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

मथुराबाई दर दिवाळीला त्याच्याबरोबर चुना मारायला जायची. हौदातला आपला चुना, त्यात चिमूटभर नीळ आणि भिजवलेला डिंक. सुनीतीबाईंचा तिच्यावर लोभ होता. त्या तिला "मथुरे" म्हणायच्या, वय अर्धं असून "अगं तुगं" करायच्या, फराळ द्यायच्या, जुनं पातळ द्यायच्या. दारातल्या उन्हात बसून आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. मथुराबाईलाही ती पोर आवडायची. आपल्या घरात नांदती बाई आहे, कोनाड्यात तिच्या मुलाची पाटी आहे, ओसरीवर पापड वाळताहेत, हे बघून तिला बरं वाटायचं. घर बांधल्याचं सुख तिनं असं दुसरीच्या संसारावरून नजर फिरवून घेतलं.

बासष्टच्या भादव्यात देवराव तापानं आठ दिवसांत गेला.

महिन्याभरानं कमलाकरराव वस्तीत आले. खाटेवर बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "मथुराबाई, मला आता कागद दिसत नाही. दिवाळीनंतर मुलीकडे नागपूरला जाईन म्हणतो. घराचं काय करायचं ते ठरवा."

"तुमीच सांगा, भाऊसाहेब."

"चंद्रशेखर मास्तर सांभाळायला तयार आहेत. मालक म्हणून नाव माझंच राहील. किराया ते माझ्याकडे पाठवतील आणि मी तुमच्याकडे. सध्या चाललंय तसंच चालेल. आणि तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर तेही करा, घर तुमचं आहे. पण तिन्ही बिऱ्हाडं उठतील. एवढं लक्षात घ्या."

"इचार करून सांगीन," मथुराबाई म्हणाली.

विचार तसा फार नव्हता. टोपली आता उचलवत नव्हती. पोटाला जे होतं ते तीन बिऱ्हाडांचा किराया. देवराव पाच वर्षं स्वतःच्या दारात मजूर होऊन उभा राहिला. राहिलेली चार-दोन वर्षं आपणही तशीच काढू. नावानं काही चूल पेटत नाही. दिवाळीचा चुना मारून झाला की कमलाकररावांना होकार कळवायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले की मथुराबाईनं ठरवून केलं. तिनं काहीही ठरवून केलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती एकटी चुना घेऊन गेली. ओसरीची भिंत घेतली. सुनीतीबाई ताटात चकल्या घेऊन बाहेर आल्या आणि दारात टेकल्या.

"मिस्त्री गेला, फार वाईट झालं गं. हात चांगला होता त्याचा."

मथुराबाई कुंचा फिरवत राहिली.

"पण काही म्हण," सुनीतीबाई म्हणाल्या, "मिस्त्री काय, सांगितलं तसं बांधतो. घर बांधावं ते कमलाकररावांनीच. आता ही पायरीच बघ. माझ्या सासूबाई आल्या होत्या ना, त्यांचा गुडघा धरतो. म्हणाल्या, साऱ्या वणीत अशी पायरी नाही पाहिली. कमलाकररावांच्या मंडळींना गुडघ्याचं दुखणं असणार. बायकोवर जीव असल्याशिवाय पुरुषाला असलं काही सुचत नाही."

मथुराबाईचा कुंचा भिंतीवर थांबला. चुना कोपरापर्यंत ओघळत आला.

"बाई," ती म्हणाली, "थे पायरी माह्यासाठी केली हाये."

"काय म्हणालीस?"

"माहा गुडघा दुखते. मले इथं उभी करून, पाय उचलाले लावून माप घेतलं त्यायनं. घर आमचं आहे बाई. कमलाकररावाचं नोहे."

सुनीतीबाईंनी पायरीकडे बघितलं. मग मथुराबाईच्या गुडघ्याकडे. त्या उठल्या आणि आत गेल्या. चकल्यांचं ताट ओसरीवरच राहिलं. मथुराबाईनं उरलेली भिंत पुरी केली, कारण अर्धी भिंत सोडून जाणं तिच्या हाताला माहीत नव्हतं, आणि मग ती घरी गेली.

पाच वर्षांचं गुपित एका पायरीपायी बाहेर पडलं. घराला दुसऱ्याचं नाव लागलं, ते तिनं सोसलं होतं आणि पुढेही सोसलं असतं. पण नवऱ्याची माया दुसऱ्याच्या नावावर चढली, ते तिला सोसलं नाही. घरात तिचं असं एवढंच तर होतं.

मग जे व्हायचं ते झालं. मुनीम आठ दिवसांत घर सोडून गेला. कारकुनानं पंधरा दिवस घेतले. चंद्रशेखर मास्तर तहसिलीसमोर जाऊन कमलाकररावांशी भांडले, "तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलं," म्हणाले. कमलाकररावांनी टाक खाली ठेवला आणि विचारलं, "मास्तर, पाच वर्षांत घराचं काही वाईट दिसलं का?" मास्तर तसेच माघारी फिरले, आणि पौषात घर बदलत नाहीत म्हणून मार्गशीर्ष संपण्याआधीच त्यांनी बंडी बोलावली.

बंडीत सामान चढत असताना सुनीतीबाई मथुराबाईजवळ आल्या. डोळे सुजलेले होते.

"मथुराबाई, मला जायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात, तर आम्ही राहिलो असतो हो."

त्या पहिल्यांदाच तिला "तुम्ही" म्हणाल्या. मथुराबाईला वाटलं, हिला जवळ घ्यावं. पण घेतलं नाही.

"तुमी राह्यल्या असत्या, बाई," ती म्हणाली. "मी नसती राह्यली."

नागपूरला जाण्याआधी कमलाकररावांनी तिला कडुनिंबाखाली बोलावून घेतलं. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, काळजी होती. "झालं ते झालं. बदलीवर नवे लोक येतच असतात, त्यांना काय ठाऊक? माझ्या ओळखीचा एक जण आहे इथं, त्याच्या नावानं पुन्हा सुरू करून देतो. तीन कुलपं राखून काय खाल तुम्ही?"

खरा निर्णय तिनं घेतला तो इथं. पहिला तोंडून गेला होता. हा तिच्या हातात होता.

"तुमचे उपकार हायेत, भाऊसाहेब. पाच वर्सं तुमच्या नावानं आमची चूल पेटली. पन आता मी बोलून बसली. बोललेलं परत गिळाले मले येत नाई."

कमलाकररावांनी खणातून तीन किल्ल्या काढून तिला दिल्या. "मग मालकिणीसारख्या वागा," ते म्हणाले. "आणि घाबरू नका." मथुराबाई त्यांचं नाव पुढे कायम आदरानंच घ्यायची, आणि कुणी त्यांना वाईट बोललं तर भांडायची.

पौषात घर बदलू नये म्हणतात. मथुराबाईनं पौषातच बदललं. दीक्षा घेतल्यावर पौष कुठला, असं म्हणून तिनं एक खाट, चार भांडी आणि देवरावची थापी बंडीत घातली आणि मधल्या बिऱ्हाडात येऊन राहिली. त्या रस्त्यावर पहिले काही दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं मागच्या अंगणात हौद केला आणि भिजवलेला चुना विकायला सुरुवात केली. ती बाई लोकांना चालत नव्हती, तिचा चुना मात्र चालला. लग्नसराई आली तशी तीच मंडळी बादल्या घेऊन मागच्या दारानं येऊ लागली. एक वेळ जेवून का होईना, तिचं भागत होतं.

दोन बिऱ्हाडं रिकामीच होती. ती रोज दारं उघडून वारा द्यायची, झाडायची. अधूनमधून कुणी बघायला यायचं. घर बघून खुलायचं, मग नाव विचारायचं, मग घरी विचारायला जायचं. नकाराचं तिला नवल नव्हतं. पण आवडलेलं घर पाहून खुललेला चेहरा असा उतरताना बघणं तिला जड जायचं. तीन वेळा बघितल्यावर तिनं ठरवलं की आता हे उलट्या बाजूनं करायचं.

फाल्गुनात, उन्हं चटकायला लागली होती तेव्हा, जंगलखात्यात नोकरीला असलेला नेमसिंग आपल्या बायकोला, धनीबाईला, घेऊन आला. महागावहून बदली झालेली. दोघं सकाळपासून वणीभर जागा शोधत फिरत होती. मथुराबाई ओसरीच्या भिंतीला चुना मारत होती, हात कोपरापर्यंत पांढरे.

"ओ बाई," नेमसिंगनं विचारलं, "मालक कुठी भेटन?"

ती वळली. "बसा," म्हणाली. "मालकीन हात धुऊन येते."

ती मागे मोरीवर गेली, सावकाश हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदर नीट घेतला आणि पुन्हा बाहेर येऊन दोघांसमोर उभी राहिली. नेमसिंग गडबडून उठला.

"घर पाह्याच्या आंधी मालकीन पाहून घ्या," ती म्हणाली. "मी मथुराबाई. देवराव मिस्त्रीची बायको. आमी बौद्ध. घर त्यायनं बांधलं, चुना माहा आहे. पटत असन त दार उघडून देईन. नाई पटलं त तसंच सांगा, घरी इचारून येतो म्हनू नका."

नेमसिंगनं बायकोकडे बघितलं. धनीबाई त्यांच्या तांड्यावरच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली. मग तिनं मथुराबाईला वरपासून खालपर्यंत खरंच पाहून घेतलं, सांगितलं होतं तसं.

"आमाले सकायपासून दोन घरी नाई म्हटलं जी," ती म्हणाली. "पाहून झालं तुमाले. उघडा आता दार."

मथुराबाईनं कमरेची किल्ली काढली. पहिल्यांदा ती कुलपात बसलीच नाही. हात ओले होते म्हणून, असं ती पुढे सांगायची.